केटलबेल: फायदे खरे, पण ते मिळतात कंबरेच्या खालून

डंबेलची मूठ बरोबर वजनाच्या मध्यावर येते. केटलबेलची मूठ वर असते आणि लोखंडाचा गोळा तिच्या खाली लोंबतो. म्हणायला फरक एवढाच. पण त्यामुळे हे वजन झुलवता येतं, दोन्ही पायांमधून मागे नेता येतं, पुढे फेकता फेकता सावरता येतं आणि वळवून मनगटामागे टेकवता येतं. वजन सतत हातापासून दूर पळू पाहतं आणि त्याला आवरण्यासाठी तळपायापासून मुठीपर्यंत सगळ्या शरीराला कामाला लागावं लागतं. केटलबेलचे म्हणून जे फायदे सांगितले जातात, ते बहुतेक इथूनच येतात.

यातली अडचणही इथेच आहे. झुलणारं वजन हातांनी उचलायचा मोह होतो आणि मग नितंबांनी करायचं काम खांदे आणि कंबर करू लागतात. अशानं दमायला होतं, घामही येतो, पण हवा तो फायदा होत नाही आणि आठवड्याभरात पाठ धरते. म्हणून या लेखात व्यायामांची लांबलचक यादी दिलेली नाही. खुब्यातून वाकणं आणि स्विंग (केटलबेल पायांमधून मागे नेऊन पुढे झुलवणं) यांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे, बाकीचे प्रकार त्यामानानं थोडक्यात आहेत.

## फायदे नेमके कोणते

आधी हृदय आणि दम. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन वयाच्या तरुणांना १६ किलोची केटलबेल देऊन १२ मिनिटांत जमतील तेवढे दोन हातांचे स्विंग करायला सांगितलं होतं. त्यांच्या हृदयाचे ठोके कमाल पातळीच्या सरासरी ८७ टक्क्यांपर्यंत गेले, तर ऑक्सिजनचा वापर कमाल क्षमतेच्या ६५ टक्क्यांच्या आसपास राहिला. म्हणजे एका जागी उभं राहून चांगल्या वेगाच्या धावण्याइतकं हृदय कामाला लागलं.

पण या दोन आकड्यांमधली तफावतही लक्षात घ्या. घट्ट पकड आणि ताणलेले स्नायू यांमुळे ठोके ऑक्सिजनच्या मानानं जास्त चढतात. २०१२ च्या एका तुलनेत स्विंग आणि ट्रेडमिलवरचं धावणं सारखंच दमवणारं वाटेल अशा तीव्रतेनं करून घेतलं, तेव्हा ठोके जवळपास सारखे होते, मात्र ऑक्सिजनचा वापर आणि कॅलरी धावताना जास्त होत्या. मनगटावरचं घड्याळ ठोक्यांवरून कॅलरीचा हिशोब मांडतं, त्यामुळे केटलबेलच्या बाबतीत तो आकडा बहुधा फुगलेला असतो. ‘२० मिनिटांत ४०० कॅलरी’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याचं मूळ २०१० मधल्या एका अमेरिकन चाचणीत आहे. त्यात केटलबेलचा सराव असलेल्या लोकांनी स्नॅच (केटलबेल एका झोक्यात थेट डोक्यावर नेणं) हा अवघड प्रकार केला होता. श्वासावरून मोजलेला खर्च २० मिनिटांत २७२ कॅलरी इतका होता, त्यापुढची भर ऑक्सिजनविना होणाऱ्या कामाचा अंदाज धरून घातलेली आहे. नवशिक्यानं स्विंग करताना हा आकडा मनात धरू नये.

ताकदीच्या बाबतीत मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०१२ चा एक प्रयोग. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, दर वेळी १२ मिनिटं: ३० सेकंद स्विंग, ३० सेकंद विश्रांती. वजन होतं १२ किंवा १६ किलो. एवढ्यावर अर्ध्या स्क्वॉटमधली (वजन घेऊन अर्धं खाली बसून उठण्यातली) कमाल ताकद सुमारे १० टक्क्यांनी आणि उभ्या उडीची उंची सुमारे २० टक्क्यांनी वाढली. आठवड्याला अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ देऊन मिळालेला हा परतावा आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र बारबेलच्या (लांब दांड्याच्या टोकांना चकत्या लावलेल्या वजनाच्या) ऑलिंपिक पद्धतीच्या उचलींनी केटलबेलपेक्षा जास्त ताकद वाढवली. ते अपेक्षितच आहे, बारबेलवर थोडं थोडं वजन चढवत नेता येतं. फक्त कमाल ताकद किंवा मोठे स्नायू हेच ध्येय असेल तर बारबेल घ्या. केटलबेलचं बळ ताकद, वेग आणि दम यांच्या एकत्र येण्यात आहे.

पाठीबद्दल उलटसुलट ऐकू येतं आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. २०११ मध्ये डेन्मार्कमध्ये ४० कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या आणि मान, खांदे, कंबर दुखण्याच्या तक्रारी पुष्कळ होत्या. आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं, असे आठ आठवडे केटलबेल केल्यावर मान-खांद्यांचं आणि कंबरेचं दुखणं कमी झालं, पाठीच्या स्नायूंची ताकद वाढली. दम मात्र मोजण्याइतका वाढला नाही. उलट २०१५ च्या एका अभ्यासात फुटबॉल खेळणाऱ्या महाविद्यालयीन मुलींनी चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, १५ सेकंद स्नॅच आणि १५ सेकंद विश्रांती या हिशेबानं २० मिनिटांची सत्रं केली, तेव्हा ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे ६ टक्क्यांनी वाढली. म्हणजे साधन तेच असलं तरी किती जोरानं आणि किती कमी विश्रांतीत केलं यावर फळ ठरतं.

कण्यावरचा भार मोजणाऱ्या २०१२ च्या एका अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. स्विंगमध्ये कमरेच्या मणक्यांवर येणारा आडवा ताण नेहमीच्या वजन उचलण्याच्या उलट दिशेनं असतो. त्यामुळे एखाद्याला स्विंगनं पाठ मोकळी झाल्यासारखी वाटते, तर बारबेलवर भलंमोठं वजन सहज उचलणाऱ्या एखाद्याला स्विंगच सोसत नाही. ‘केटलबेलनं पाठ बरी होते’ असं सरसकट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका आणि ‘केटलबेलनं पाठ जाते’ म्हणणाऱ्यावरही ठेवू नका.

बाकीचे फायदे सांगायला फार शब्द लागत नाहीत. पकड मजबूत होते. एका हातानं वजन धरल्यावर धड एका बाजूला वळू पाहतं, ते वळू न देण्यात पोटाच्या आणि बाजूच्या स्नायूंना उत्तम व्यायाम होतो. जागा फार लागत नाही. वयाची आडकाठी म्हणाल, तर फारसा व्यायाम न करणाऱ्या ५९ ते ७९ वर्षांच्या स्त्री-पुरुषांनी तीन महिने देखरेखीखाली केटलबेल केल्यावर त्यांच्या पकडीची ताकद वाढल्याचंही नोंदवलं गेलं आहे.

## आधी हे तपासा

रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार असेल, मणक्याची चकती सरकलेली असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, खांदा निखळण्याचा इतिहास असेल किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारूनच पुढे जा. विचारताना ‘व्यायाम करू का’ असं मोघम विचारू नका. ‘वजन झुलवण्याचा जोरकस व्यायाम आहे, मधे क्षणभर श्वास अडवला जातो, ठोके खूप चढतात’ असं सांगा, म्हणजे उत्तरही नेमकं मिळेल.

## केटलबेल कोणती आणि किती वजनाची

केटलबेल मूळची रशियाची, धान्य तोलायच्या वजनांतून आलेली. तिथे वजनाचं जुनं माप पूद, म्हणजे १६.३८ किलो. आजही १६, २४ आणि ३२ हे टप्पे का ठरले, त्याचं कारण तेच: एक, दीड आणि दोन पूद. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला व्लादिस्लाव क्रायेव्स्की या डॉक्टरांनी वजन उचलणाऱ्यांचं मंडळ सुरू केलं, त्यांच्या सरावातही ही वजनं होती. पुढे १९८५ मध्ये लिपेत्स्क इथे या खेळाची पहिली सोव्हिएत राष्ट्रीय स्पर्धा झाली. स्पर्धेत दहा मिनिटं केटलबेल खाली न ठेवता जास्तीत जास्त वेळा उचलायची असते, त्यावरून या साधनाचा स्वभाव कळतो.

सुरुवातीला साधारण तब्येतीच्या पुरुषानं १६ किलो आणि स्त्रीनं ८ ते १२ किलो घ्यावी. ज्यांनी कधीच वजन उचललेलं नाही त्या पुरुषांनी १२ वर यायला हरकत नाही. इथे एक विचित्र गोष्ट आहे: फार हलक्या केटलबेलनं स्विंग शिकणं जास्त अवघड जातं. चार-सहा किलोचं वजन हातांनीच सहज उचललं जातं, मग नितंबांना काम करायची गरजच उरत नाही. अंगावर यावं इतकं जड नको, पण हातांनी पुढे उचलून धरणं जड जावं इतकं तरी असावं. खांद्यावरून वर दाबण्यासाठी (प्रेससाठी) मात्र हेच वजन जड पडू शकतं, म्हणून जमल्यास दोन वजनं जवळ असलेली बरी.

बाजारात दोन प्रकार दिसतात. बिडाच्या ओतीव केटलबेलचा आकार वजनाबरोबर वाढतो. स्पर्धेच्या स्टीलच्या केटलबेलचा आकार सगळ्या वजनांना सारखाच असतो, कडीची (म्हणजे वरच्या मुठीची) जाडी ३५ मिलिमीटर असते आणि वजन रंगावरून ओळखतात: १६ पिवळी, २४ हिरवी, ३२ लाल. दोन्ही हातांनी स्विंग करायला ओतीव केटलबेलची रुंद कडी सोयीची, एका हाताच्या प्रकारांना स्पर्धेची चांगली. घेताना कडीच्या आतल्या बाजूनं बोट फिरवून पाहा. ओतकामाची धार लागली तर ती तळहात फाडणार. बूड सपाट हवं, डुगडुगणारं नको. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेल्या केटलबेल त्याच वजनाला आकारानं फार मोठ्या असतात, पायांमधून नेताना मांड्यांना घासतात. त्या टाळा.

व्यायाम अनवाणी करा किंवा सपाट, पातळ तळव्याच्या बुटांत. धावण्याच्या मऊ बुटांत टाच दबते आणि तोल पुढे जातो. समोर दोन-तीन मीटर काही नको: माणूस नको, काच नको, पाळीव प्राणी तर मुळीच नको.

## पहिली पायरी: खुब्यातून वाकणं

भिंतीकडे पाठ करून, तिच्यापासून एक पाऊलभर अंतरावर उभे राहा. पाय खांद्यांएवढे किंवा किंचित जास्त अंतरावर. दोन्ही हातांच्या कडा मांडी आणि पोट जिथे मिळतात त्या घडीवर ठेवा. आता त्या घडीत हात दाबत नितंब सरळ मागे न्या आणि भिंतीला टेकवा. हात भरलेले असताना मागचा ड्रॉवर बुडानं ढकलून बंद करावा, तशी ही हालचाल आहे. गुडघे किंचित वाकतात पण पुढे जात नाहीत, नडग्या जवळपास उभ्याच राहतात. टेकले की टाचांनी जमीन दाबत उभे राहा आणि वर आल्यावर नितंब घट्ट आवळा.

जमलं की भिंतीपासून दोन बोटं पुढे सरका. असं करत करत अशा ठिकाणी या, जिथे नितंब भिंतीला जेमतेम टेकतात आणि मांड्यांच्या मागे स्पष्ट ताण जाणवतो. तो ताण जाणवत नसेल तर तुम्ही गुडघ्यांतून बसताय किंवा पाठ गोल करताय.

पाठ सरळ आहे का, हे आपलं आपल्याला कळत नाही. त्यासाठी एक काठी पाठीवर उभी धरा. डोक्याची मागची बाजू, खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड, या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली हवी. वाकताना तिन्हींपैकी एखादी जागा सुटली तर तिथेच थांबा. तेवढंच तुमचं आजचं वाकणं. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक ती गाळतात, आणि पुढे ज्या तक्रारी येतात त्यांपैकी निम्म्या इथे रोखता आल्या असत्या असं माझं स्पष्ट मत आहे.

## दुसरी पायरी: डेडलिफ्ट

केटलबेल दोन्ही घोट्यांच्या बरोबर मधे ठेवा, पुढे नको. आत्ताच शिकलेल्या पद्धतीनं वाका आणि दोन्ही हातांनी कडी धरा. उचलण्याआधी तीन गोष्टी: खांदे कानांपासून खाली ओढा, कडी मधून मोडायची आहे अशा बेतानं आवळा, नाकानं श्वास घेऊन पोट चहूबाजूंनी घट्ट करा. मग पायांनी जमीन खाली ढकलत उभे राहा. वर आल्यावर मागे झुकायचं नाही, फक्त ताठ उभं राहायचं. खाली ठेवतानाही नितंब आधी मागे.

पाच वेळा उचलून थोडं थांबा, असे पाच सेट करा. स्विंगला वापरणार आहात त्यापेक्षा जास्त वजन डेडलिफ्टमध्ये सहज आणि पाठ न हलता उचलता यायला हवं. ते येईपर्यंत स्विंगकडे जायची घाई नको.

## तिसरी पायरी: स्विंग

केटलबेल समोर, पावलांच्या टोकापासून साधारण ३० सेंटिमीटर पुढे ठेवा. नितंब मागे, पाठ सरळ, हात पुढे लांब करून कडी धरा आणि केटलबेल आपल्याकडे किंचित कलती करा.

आता तिला पायांमधून मागे जोरात ओढा. अलगद नाही, जोरात. मागे जाताना मनगटं मांड्यांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या बरीच वर, जांघेजवळ लागली पाहिजेत. गोळा गुडघ्यांच्या खाली लोंबत गेला तर कंबर ओढली जाते. हात मांड्यांना टेकले की त्या क्षणी झटक्यात उभे राहा: टाचा जमिनीत, गुडघे सरळ, नितंब दगडासारखे घट्ट, पोट आवळलेलं. या झटक्यानं केटलबेल आपोआप पुढे उडते. हात नुसते दोर आहेत, त्यांनी उचलायचं काहीच नाही. ती पोटाच्या वर, फार तर छातीपर्यंत येऊन क्षणभर तरंगते.

हा तरंगण्याचा क्षण महत्त्वाचा. इथे बहुतेक जण घाई करून लगेच वाकतात. उभेच राहा. केटलबेल खाली येऊ द्या, दंड बरगड्यांना टेकेपर्यंत थांबा आणि अगदी शेवटी नितंब मागे घ्या. असं उशिरा वाकलं की वजन पायांवर येतं, लवकर वाकलं की पाठीवर.

श्वास: वर येताना दातांमधून छोटा, तीव्र ‘त्स्स’, खाली जाताना नाकानं आत. सगळी हवा एकदम सोडू नका, पोट सैल पडतं. शेवटच्या स्विंगनंतर केटलबेल मागे जाऊन येऊ द्या आणि जिथून उचलली तिथेच पाठ सरळ ठेवून ठेवा. ठेवताना पाठ गोल करून दुखापत करून घेणारे पुष्कळ आहेत.

स्वतःचा व्हिडिओ बाजूनं काढा आणि हे पाहा. गुडघे पुढे जाऊन खाली बसल्यासारखं होतंय? मग स्क्वॉट करताय, डेडलिफ्टकडे परत जा. वर आल्यावर गोळा हातांच्या रेषेत नसून खाली लोंबतोय? हात उचलताहेत. कडीत छोटा टॉवेल ओवून त्याची टोकं धरून थोडे स्विंग करा, हातांनी उचललं की टॉवेल आणि केटलबेल यांच्यात लगेच कोन पडतो आणि चूक दिसते. वर आल्यावर पोट पुढे काढून मागे वाकताय? नितंब कमी आवळताय. खाली असतानाही डोळे समोरच्या आरशात? मान मोडताय, नजर दोन मीटर पुढच्या जमिनीवर ठेवा.

केटलबेल डोक्याच्या वर नेण्याची पद्धतही दिसेल. ती शिकायच्या काळात करू नका. त्या उंचीसाठी खांदे मोकळे लागतात, नाहीतर कंबर मागे मुडपून माणूस ती उंची गाठतो.

केटलबेल हातून निसटतेय असं वाटलं तर तिला वाचवायला जाऊ नका. सोडा आणि मागे सरका.

## सोबतचे प्रकार

गॉब्लेट स्क्वॉट. केटलबेल छातीशी, कडीच्या दोन्ही बाजू धरून. कोपरं खाली. मांड्यांच्या मधे बसा, कोपरं गुडघ्यांच्या आतल्या बाजूला लागेपर्यंत. वजन समोर असल्यामुळे धड आपोआप उभं राहतं. अमेरिकन प्रशिक्षक डॅन जॉन यांनी हा प्रकार रूढ केला आणि नवशिक्याला स्क्वॉट शिकवायला यापेक्षा सोपी युक्ती मला माहीत नाही.

टर्किश गेट-अप. जमिनीवर पाठीवर पडून, एका हातात वजन सरळ वर धरून उभं राहायचं आणि त्याच वाटेनं परत निजायचं. स्विंगमध्ये जे सगळं झटक्यात होतं, ते इथे अगदी सावकाश. आधी वजनाशिवाय शिका, मग मुठीवर बूट तोलून. बूट पडला नाही तरच केटलबेल.

उजव्या हातानं करायचं तर उजवा गुडघा वाकवून पाऊल जमिनीवर, डावा हात आणि डावा पाय बाजूला ४५ अंशांत. उजवी मूठ छताकडे, नजर तिच्यावर. डाव्या कोपरावर या, मग डाव्या तळहातावर. नितंब उचला. डावा पाय खालून मागे नेऊन गुडघा टेकवा. धड सरळ करा, आता नजर समोर. उभे राहा. परत येताना प्रत्येक टप्पा उलटा. एक फेरी अर्ध्या मिनिटात झाली तर वेग बरोबर आहे, दहा सेकंदांत झाली तर तुम्ही टप्पे गाळताय. सुरुवातीला आणि शेवटी केटलबेल दोन्ही हातांनीच घ्यायची आणि दोन्ही हातांनीच ठेवायची.

क्लीन आणि प्रेस. क्लीन म्हणजे केटलबेल पायांमधून वर आणून छातीच्या बाजूला, वाकवलेल्या हातावर टेकवणं. गोळा मनगटावर आदळून काळंनिळं होत असेल तर तुम्ही ती लांबून फिरवताय आणि मूठ फार आवळताय. कोपर अंगाजवळ ठेवा, पकड सैल सोडून हात कडीत आत सरकवा. तिथून वर दाबताना मनगट सरळ, बरगड्या खाली, दुसऱ्या हाताचीही मूठ वळलेली. मूठ वळल्यानं जोर वाढतो, करून पाहा.

एका हातात केटलबेल घेऊन नुसतं चालणं हाही व्यायामच आहे, आणि तो कमी लेखला जातो.

## आठ आठवड्यांची आखणी

आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून. दर वेळी पाच-सात मिनिटं अंग मोकळं करा: वजनाशिवाय खुब्यातून वाकणं, हलके गॉब्लेट स्क्वॉट, खांदे फिरवणं.

पहिले दोन आठवडे स्विंग नाही. डेडलिफ्टचे पाचाचे पाच सेट, गॉब्लेट स्क्वॉटचे पाचाचे तीन, वजनाशिवाय गेट-अप प्रत्येक बाजूला तीन, आणि एकेका हातात केटलबेल घेऊन मिनिटभर चालणं.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात डेडलिफ्टचे दोनच सेट ठेवून स्विंग सुरू करा. एका वेळी दहा, असे पाच सेट. त्यानंतर गेट-अप, आता मुठीवर बूट किंवा हलकं वजन. पुढचा सेट कधी? एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं की. घड्याळापेक्षा हा नियम चांगला, कारण झोप कमी झालेल्या दिवशी तो आपोआप जास्त विश्रांती देतो.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात दर आठवड्याला स्विंगचे एक-दोन सेट वाढवत दहाचे दहा सेट गाठा. सेटमधला शेवटचा स्विंग पहिल्याइतकाच जोरकस हवा. जोर ओसरला की सेट तिथेच संपला, मग सात झाले असोत की आठ. दोन हातांचे शंभर स्विंग आटोक्यात आले की एका हाताचे सुरू करा, हात सेटगणिक बदला. गेट-अप केटलबेलसह, प्रत्येक बाजूला एकेक करून एकूण सहा ते दहा. प्रेस याच टप्प्यावर, तीनाचे तीन सेट.

दम वाढवणं हेच ध्येय असेल तर तीनपैकी एका दिवशी ३० सेकंद स्विंग आणि ३० सेकंद विश्रांती, १२ मिनिटं. रोज मात्र असं करू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवते. केटलबेल दुसरा भाग पूर्ण करते आणि पहिल्याला चांगला हातभार लावते, पण चालणं, सायकल, पोहणं यांची जागा पूर्ण घेत नाही.

## दुखणं, हात आणि वजन वाढवणं

सुरुवातीला नितंब आणि मांड्यांची मागची बाजू दुखणार, दोन दिवस जिना नकोसा वाटणार. ते ठीक आहे. पाठीचे स्नायू थोडे थकणंही ठीक. पण कमरेत एका जागी टोचणारी कळ, पायात उतरणारी चमक किंवा मुंग्या, छातीत दुखणं, भोवळ, यांतलं काहीही झालं तर त्या क्षणी थांबा आणि दाखवून घ्या.

तळहातांवर घट्टे पडतील. ते अंघोळीनंतर घासून सपाट ठेवा, उंच घट्टा कडीत अडकून सोलला जातो. कडी तळहाताच्या मध्यात न धरता बोटांच्या मुळाशी धरली की कातडीची घडी कमी पडते. हातमोज्यांनी पकड जाड होते आणि हात लवकर थकतात. त्यापेक्षा घामासाठी खडूची पूड बरी. कातडी सोलली असेल तर स्विंग बंद, स्क्वॉट चालू.

वजन वाढवताना एक लक्षात ठेवा: १६ वरून २४ म्हणजे थेट दीडपट. २० ची मधली पायरी मिळत असेल तर घ्या. नसेल तर दहा सेटपैकी दोन सेट जड केटलबेलनं करा आणि बाकी जुन्याच, मग आठवड्यागणिक तीन, चार असं पुढे जा. जड सेट सुरुवातीला करा, दमल्यावर नाही. गेट-अपमध्ये याहून सावकाश, कारण तिथे वजन चेहऱ्याच्या वर असतं.

आणि स्नॅच, म्हणजे केटलबेल एका झोक्यात जमिनीजवळून थेट डोक्यावर नेणं, कधी शिकायचं? एका हाताचे शंभर स्विंग न बिघडता होत असतील, तेच वजन दोन्ही हातांनी प्रत्येकी पाच वेळा वर दाबता येत असेल आणि हात डोक्यावर नेल्यावर दंड कानाला लागत असताना कंबर मागे वाकत नसेल, तेव्हा. तिन्हींपैकी एक जरी बाकी असेल तर आधी ते करा. शिकताना सरावाच्या वजनापेक्षा एक पायरी हलकी केटलबेल घ्या आणि पहिले काही आठवडे एका हाताला सलग पाचापेक्षा जास्त करू नका.